फाटक ते बर्डी: मोबिलिटीच्या नोंदी

२३ जून २०२५, सोमवार

नागपूरची आमची अंधशाळा उघडली. बाकी महाराष्ट्रातली मुलं आठवडाभर आधीच वर्गात बसली. आमचं फाटक विदर्भाच्या उन्हासाठी आठ दिवस जास्त बंद.

ठरलेलं काम असं: दिवाळीच्या सुट्टीआधी चार मुलांनी वसतिगृहाच्या फाटकापासून शंकरनगर मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जायचं, मेट्रोने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, उतरायचं आणि परत यायचं. कुणाचा हात न धरता. पायी रस्ता सातशे मीटरच्या आसपास. फायलीत याला ‘अभिमुखता व चलनवलन प्रशिक्षण’ म्हणतात. आम्ही सगळे मोबिलिटी म्हणतो.

मुलांची खरी नावं या वहीत लिहायची नाहीत, म्हणून त्यांनाच टोपणनावं निवडायला लावली. इंजिन (१० वर्षं, पूर्ण अंध). मैना (१३, नजरेची कड गेलेली, समोरचं दिसतं). टोपी (११, अंगात रंगद्रव्य नाही, उजेड सोसत नाही). चौथ्याने ‘साहेब’ हे नाव घेतलं (१२, पूर्ण अंध, कुणी काही शिकवलेलं चालत नाही). सोबत आमचे संगणकाचे सर. ते स्वतः पूर्ण अंध आहेत आणि रोज दोन बसा बदलून शाळेत येतात. खरं तर हा विषय त्यांचा, पण प्रशिक्षक म्हणून कागदावर नाव माझं आहे.

आज फक्त काठ्या मोजल्या. काठी उभी धरली की तिचं टोक छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला यावं, हा जुना हिशोब. इंजिन उन्हाळ्यात चार बोटं वाढला आहे आणि गेल्या वर्षीची काठी त्याच्या पोटापाशी येते. आखूड काठी म्हणजे अडथळा कळेपर्यंत पाय तिथं पोचलेला. दोन काठ्यांच्या आतलं इलॅस्टिक सैल झालंय. तिघांच्या नायलॉनच्या टिपा एका बाजूने घासून पार तिरप्या झाल्या आहेत. सिमेंटचे रस्ते टिपा खातात.

२६ जून

वऱ्हांडा. भिंतीला हात लावून चालणं. हाताची पाठ भिंतीकडे, बोटं किंचित वळलेली, हात कमरेच्या पातळीला आणि शरीराच्या थोडा पुढे. तळहात लावून चालणारा मुलगा दाराच्या फटीत बोट अडकवून घेतो.

साहेबाला पाण्याच्या कूलरचा कोपरा लागला, भुवईवर. कूलर उन्हाळ्यात कुणीतरी दीड हात सरकवला आणि कुणालाच सांगावंसं वाटलं नाही. आम्हा डोळसांच्या लेखी ती वस्तू कूलरच राहिली. त्याच्या लेखी वऱ्हांडाच बदलला होता.

२ जुलै

आज माझी फजिती. रविवारी मी फाटकापासून पावलं मोजून तक्ता केला होता. फाटक ते पिंपळ ६४, पिंपळ ते रसवंतीचा बंद ठेला ४०, तिथून वळण २२. तक्ता ब्रेलमध्येही उतरवला, दोन तास गेले. आज शाळेच्या मैदानात फाटक ते पिंपळ एवढंच अंतर आखून मुलांना चालवलं तर इंजिनची ८१ पावलं, मैनाची ७०. घंटा झाल्यावर जेवायला पळताना तोच इंजिन ६९ मध्ये पोचला.

सर बाकावर बसून ऐकत होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही घरी झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात पावलं मोजत जाता का?”

नाही जात.

“मग पोट्टे कायले मोजतील?”

डोळस माणसांना वाटतं की अंध माणूस पावलं मोजत चालतो. सिनेमातही तसंच दाखवतात. पण मोजणारं डोकं दुसरं काही ऐकत नाही, आणि मध्येच कुणी “काय बेटा, कुठे चाललास?” विचारलं की आकडा गेला. त्यापेक्षा खुणा. खूण दोन तऱ्हेची. एक हलत नाही: पिंपळाचा ओटा, उतार, चेंबरचं लोखंडी झाकण, ट्रान्सफॉर्मरची घरघर. दुसरी येते-जाते: तर्री-पोह्याचा वास, दुकानातला रेडिओ. पहिलीवर वळायचं, दुसरीवर फक्त खात्री करायची. पोहेवाला सोमवारी येत नाही हे मला आज कळलं. मुलांना ते आधीपासून ठाऊक होतं.

तक्ता फाडला नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर आजची नोंद लिहिते आहे.

९ जुलै

पाऊस. शाळांना सुट्टी, पण वसतिगृहाची मुलं जाणार कुठे. वऱ्हांड्यात आवाजाचा खेळ. मी वर्गांची काही दारं उघडी ठेवते, काही लावून घेते. कुठलं उघडं ते हात न लावता सांगायचं. इंजिन जिभेने टकटक करत चालतो (नाव त्यावरूनच) आणि सहापैकी पाच बरोबर सांगतो. मागे मी ही सवय मोडायला लागले होते, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. अमेरिकेतले डॅनियल किश हे अंध गृहस्थ याच टकटकीवर सायकल चालवतात आणि इतरांनाही ती शिकवतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा थांबले. आवाज भिंतीवरून परत येतो, उघड्या दारातून येत नाही, एवढंच त्यामागचं गणित.

दुपारी जोर वाढला, टिनाच्या पत्र्यावर इतका गोंगाट की इंजिन एका जागी उभा राहिला. “मॅडम, आता काहीच नाही दिसून राहिलं.” हाच शब्द वापरला त्याने.

१४ जुलै

फाटकाबाहेर.

काठीचं तंत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बसवलं गेलं. रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास डोळे गमावलेल्या सैनिकांना लांब काठी दिली आणि ती समोर डावी-उजवी फिरवायला शिकवलं. तोवर काठी आखूड, टेकून चालायची. नियम अजून तोच: डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पुढे तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासलेली. फेक खांद्यापेक्षा दोन बोटं जास्त. मनगट हलवायचं, खांदा नाही. साहेब खांद्याने फिरवतो, पट्टा चालवल्यासारखा. एका आजींची पिशवी थोडक्यात वाचली.

हे सगळं लिहिणाऱ्याने आमचा फुटपाथ पाहिला नव्हता. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा वीतभर वर आला. जुना फुटपाथ खाली राहिला. गट्टू उखडलेले, सांध्यांत टीप अडकते. काठी अडकली की मूठ पोटात टोचते, म्हणून मुलं ती उचलून उचलून टेकवतात. आज मी म्हटलं, चालेल, उचला.

मोठा त्रास दुचाक्यांचा. स्टँडवर लावलेल्या गाडीखालून काठी आरपार जाते, पुढे मोकळं आहे असं सांगते आणि हँडल छातीत बसतं. आरसा तोंडावर. ठेल्याची छत्री, झाडाची छाटलेली फांदी, ट्रकचा मागचा फळका, यातलं काही जमिनीपासून सुरू होत नाही. आयआयटी दिल्लीने केलेली स्मार्टकेन यासाठीच: मुठीतला ध्वनिलहरींचा डबा गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखून थरथरतो, तीन मीटरपर्यंत. शाळेत एक आहे. सर ती वापरत नाहीत. त्यांचं म्हणणं, बर्डीच्या गर्दीत तो डबा थरथरणं थांबवतच नाही, मग हाताला त्याची सवय होते आणि खरी थरथर आली तरी कळत नाही. मोकळ्या रस्त्याला चांगली, हे मात्र तेही मानतात.

३१ जुलै

दोन आठवडे रस्ता ओलांडणं, रोज अर्धा तास. पहिले चार दिवस तर कुणी पाऊलच टाकलं नाही. चौकात भिंतीशी उभे राहून नुसतं ऐकलं.

पद्धत अशी. पाठ कुंपणाला टेकवून सरळ व्हायचं, म्हणजे तोंड नेमकं समोर येतं. समोरून आडवा जाणारा आवाज थांबतो, पाठोपाठ आपल्या बाजूने समांतर जाणाऱ्या गाड्या एकदम सुटतात. ती लाट सुटली की निघायचं. अर्ध्या रस्त्यापर्यंत कान उजवीकडे, दुभाजकानंतर डावीकडे. डावीकडे वळणारे लाल दिव्यालाही थांबत नाहीत, त्यांच्यासाठी काठी पुढे लांब धरून एक क्षण दाखवायची. सिग्नल असेल तर हे जमतं. गोल चौकात लाटच नसते, सगळीकडून थोडं थोडं येत राहतं. तिथे मी मुलांना साफ सांगितलं की मदत मागा. यात मला कमीपणा वाटत नाही. मलाही तो चौक ओलांडताना भीती वाटते.

ई-रिक्षा आणि बॅटरीवरच्या स्कूटर हा नवा घोर. जुन्या ऑटोला मुलं तीस पावलांवरून ओळखायची.

पण दोन आठवड्यांत गाड्यांपेक्षा माणसांनी जास्त घात केला. मैना लाट सुटायची वाट पाहत उभी. एका काकांनी मागून येऊन काठी धरलेलं मनगटच पकडलं आणि तिला पलीकडे ओढत नेलं. तिला जायचंच नव्हतं, ती फक्त ऐकत होती. काका पुण्य करून गेले. ही कुठल्या कोपऱ्यावर आहे हे हिला कळेना, रडू लागली.

म्हणून आता वाक्यं पाठ करून घेतली. “काका, हात तुम्ही नका धरू, मी धरतो.” मग कोपराच्या वर पकडायचं, अंगठा बाहेरच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. माणूस पायरी चढला की त्याचा दंड वर जातो आणि न बोलता कळतं. ढकलत नेलं तर पायरी थेट नडगीला कळते. साहेबाने स्वतःचं वाक्य केलं: “मले नाही जायचं, तुम्ही जा बाप्पा.” ते सगळ्यात परिणामकारक ठरलं.

५ ऑगस्ट

मैनाला आज एका बाईंनी ऐकवलं, “मोबाइल तर पाहतेस, काठी कशाला मिरवतेस?” तिचा आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. रांगोळीच्या ठिपक्याएवढं समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं नाही, आणि अंधार पडला की बहुतेक काहीच नाही. फळ्यावरचं वाचणारी मुलगी फळ्याखालच्या डस्टरला अडखळते. ढोंग केल्याचा आरोप तिच्यावर घरीही झालाय. तिने काठी घडी करून दप्तरात टाकली.

टोपीचं उलट. दुपारी १२ ला तो गेलाच, सगळं पांढरं. सकाळी ७ ला तोच मुलगा बसचा नंबर सांगतो. त्याचा सराव सकाळी. रुंद काठाची टोपी, रंगीत काचा.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. सराव नाही. इंजिनने लाकडी बैल पुढे ढकलत अख्खं मैदान फिरून दाखवलं, चाकं दगडाला लागली की वळायचा. दोरीने मागे ओढायचा असतो रे, म्हटलं. “मागं ठेवला तर काय कामाचा?”

बडग्या-मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक मुलांना न्यायची परवानगी मिळाली नाही, आवाज आणि गर्दी. मग वऱ्हांड्यातच काढली. दरवर्षीचं “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” दोनदा झालं, मग साहेबाने सुरू केलं: “फुटपाथवरच्या गाड्या घेऊन जा गे मारबत!” “उघडे चेंबर घेऊन जा गे मारबत!” शेवटी कुणीतरी “हात धरणारे काका” घातलं. कोण ते शोधायच्या फंदात मी पडले नाही.

८ सप्टेंबर

मेट्रो, पहिल्यांदा. चौघे, सर आणि मी.

पिवळ्या उठावाच्या फरशा. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, काहीतरी आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी या केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. मैदानात त्यांचा नमुना म्हणून आम्ही दोरखंड आणि बाटल्यांची झाकणं चिकटवून सराव केला होता. खऱ्या फरशीवर इंजिनने चप्पल काढली. सर म्हणाले घाल, रोज काय चप्पल काढून प्रवास करशील? बरोबर होतं, पण एकदा काढू द्यायला हवी होती.

फलाटाच्या कडेला ठिपके. गाडी आली, दार उघडलं, की काठीने आधी फट मोजायची, मग डब्याची जमीन, मग पाय. मुलांना सगळ्यात आवडलं ते घोषणांचं वेळेवर येणं: शंकरनगरनंतर इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, मग झाशी राणी, मग सीताबर्डी. रस्त्यावर कुणी इतकं नीट सांगत नाही.

सीताबर्डीला दोन लाइनी दोन मजल्यांवर, आमची ॲक्वा आणि दुसरी ऑरेंज. तिथे मीच गोंधळले.

११ सप्टेंबर

इंजिन पडला. फुटपाथलगत केबलसाठी चर खोदलेला, कठडा नाही, दोरी नाही. कालपर्यंत तो नव्हता. हनुवटीला तीन टाके, कोपर सोललं. मी दहा पावलं मागे होते. चर मला दिसला होता. वाटलं, काठीला कळेल. ओरडायला दोन सेकंद उशीर झाला.

काठीला का कळलं नाही ते रात्री सरांशी बोलताना उलगडलं. मीच जुलैत म्हटलं होतं, चालेल, उचला. टेकवत चालणाऱ्या काठीच्या दोन टेकण्यांमध्ये जागा सुटते. खोलगट जागा नेमकी तिथे आली. टीप जमिनीवरून न उचलता घासत नेली असती तर कड लागताच खाली घसरली असती. गट्ट्यांत अडकू नये म्हणून जाड, गोल फिरणारी टीप मिळते, ती आधीच बसवायला हवी होती. म्हणजे चूक फक्त खोदणाऱ्याची नाही.

१२ सप्टेंबर

वरून तोंडी आदेश: बाहेरचं प्रशिक्षण बंद.

सरांनी विचारलं, “मी रोज येतो तेही बंद का?” उत्तर आलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

इंजिनची आई आली, उमरेडकडची. हनुवटीवरची पट्टी पाहून माझ्याशी बोललीच नाही तासभर. मुलाचा हात धरून बसून राहिली. त्याला पाणीही तिनेच पाजलं. दहा वर्षांचा मुलगा आणि त्याने गुमान पाजून घेतलं. आमच्याकडे तो स्वतःचं ताट धुतो.

मग बोलू लागली. सातव्या महिन्यात झाला, सव्वा किलोही नव्हता, काचेच्या पेटीत महिनाभर. घरी जाताना सगळं ठीक म्हणाले. डोळे दाखवा असं तिला कुणी सांगितलं नाही. इतक्या लवकर आणि इतक्या कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो, वेळेत लेझर केलं तर नजर राहू शकते. हे तिला बाळ आठ महिन्यांचं असताना नागपुरात कळलं. “तवापासून हात नाही सोडला म्या त्याचा,” म्हणाली.

यावर मी काय बोलणार होते? मी चराबद्दल खरं ते सांगितलं, दोन सेकंदांसकट.

सर मध्ये पडले. “ताई, मी तीनदा नालीत पडलो. एकदा तर लग्नाच्या कपड्यांत.”

“कोणाच्या लग्नाच्या?”

“माझ्याच.”

ती हसली नाही. पण जाताना इंजिनने तिला फाटकापर्यंत सोडलं, त्याच्या पद्धतीने. तिने हात पुढे केला तर त्याने तो सोडवून घेतला आणि तिचा दंड पकडला. तिथून पुढे ती फार हळू चालत गेली. तो म्हणाला, “आई, नेहमीसारखी चाल ना.”

२४ सप्टेंबर

परवानगी परत मिळाली, लेखी, पालकांच्या सह्यांसह. इंजिनच्या फॉर्मवर अंगठा नाही, सही आहे. मोठ्या अक्षरांत, रेघेबाहेर गेलेली. नव्या गोल टिपा बसवल्या. जड वाटतात अशी तक्रार. मनगटं दुखतात. दुखू देत.

२ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीकडचे रस्ते माणसांनी भरलेले. मुलं गच्चीवरून ऐकत होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पांढऱ्या काठीचा दिवस. पाहुणे, हार, भाषण. काठीला पांढरा रंग ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्ये दिला. ते छायाचित्रकार होते, अपघातात नजर गेली, आणि घराजवळच्या गाड्यांना आपण दिसावं एवढाच हेतू होता. म्हणजे रंग डोळसांसाठी. भाषणात हे सांगितलं तर टाळ्या आल्या, का कोण जाणे.

नंतर पाहुण्यांनी पट्ट्या बांधून पाच मिनिटं वऱ्हांड्यात चालून पाहिलं. एक बाई रडल्या. “किती कठीण आहे हो यांचं!” सर कानाशी म्हणाले, पाच मिनिटांत फक्त भीती समजते, पाचव्या महिन्यात काय समजतं ते पाहायला यांनी यावं. मी पुढच्या वर्षी हा पट्ट्यांचा कार्यक्रम ठेवणार नाही. साहेबाला हार द्यायला उभं केलं होतं, तो म्हणाला, “कोण आहे ते बोला तरी, हार कुठी घालू?”

१६ ऑक्टोबर

उद्या मुलं घरी. आज शेवटची फेरी, एकेकट्याने. प्रत्येकाकडे शाळेचा बटणांचा फोन. सर फाटकाशी, मी बर्डीच्या फलाटावर, शंकरनगरच्या जिन्यापाशी शाळेचे शिपाईमामा. त्यांना सक्त ताकीद: खोकायचंही नाही.

टोपी सकाळी ७:१० ला निघाला, ७:४५ ला पोचला. मैना त्याच्यानंतर, वाटेत काठी बाहेर होती की दप्तरात ते विचारलं नाही. मामा म्हणतात बाहेर होती. साहेब चौकातून परत फिरला. दुभाजकापर्यंत गेला, लाट चुकली वाटली, वळून आला आणि फाटकात सरांना म्हणाला, आज नाही. सरांनी ‘बरं’ म्हटलं. मी त्या निर्णयाला पूर्ण गुण देते.

इंजिन ८:२० ला निघाला. मामांचा फोन, जिना चढला. ८:५० नाही, ९ नाही. ९:०५ ला माझ्या पायांतलं बळ गेलं. एक गाडी आली, गेली. दुसरी. ९:१२ ला फोन वाजला.

“मॅडम, तुम्ही कोठी आहात?”

“फलाटावर रे, तू कुठं आहेस?”

“मी पण फलाटावरच. केव्हाचा उभा आहे.” मग थोडं थांबून, “तुमच्या मागं कोणती गाडी सांगून राहिले?”

खापरी. मी ऑरेंज लाइनच्या मजल्यावर उभी होते. साहेब परतल्याचा फोन आला तेव्हा बोलत बोलत जिना उतरले होते.

“तुम्ही तिथंच थांबा,” तो म्हणाला. “मी येतो.”

तो यायला अकरा मिनिटं लागली. लिफ्टच्या दारात एकाने हात धरला, त्याला पूर्ण वाक्य ऐकवलं म्हणे. हनुवटीचा व्रण खाजवत उभा राहिला आणि भूक लागल्याचं सांगितलं. बाहेर पडून पोहे खाल्ले, तर्री जास्त घालून. पैसे त्याने दिले, नोट बोटाने मापून.

नोव्हेंबरसाठी: साहेबाचा चौक परत, घाई नाही. मैनाची संध्याकाळची फेरी राहिली आहे. सूर्य लवकर मावळतोय, तोच तर तिचा खरा रस्ता. गोल टिपा सहा मागवणे. ८ डिसेंबरपासून विधिमंडळाचं अधिवेशन, बर्डीकडचे रस्ते बंद-चालू होत राहतील, त्याआधी दोन फेऱ्या. चर बुजवला आहे, पण गट्टू परत बसवले नाहीत.

इंजिनची आई उद्या सकाळी १० च्या बसने येते. त्याने फोन करून तिला सांगितलं आहे की स्टँडवर घ्यायला मीच येईन. मला अजून विचारलेलं नाही.